बाल्कनीत कोणी राहत नाही

ग्रँड टेटनच्या कॅम्पसाइटचं बुकिंग हुकलं. संध्याकाळी सात वाजता सुरू झालं, सात वाजून एक मिनिटाने संपलं, आणि येत्या जुलैत मांडवकर कुटुंबातलं कोणीही अमेरिकेतल्या कुठल्याही डोंगराच्या पायथ्याशी झोपणार नाही हे पक्कं झालं. पण ते असू दे. असं काही झालंच नाही असं धरून चालू. मांडवकरांकडेही तसंच धरून चाललेत. फ्रिजवरची सामानाची यादी अजून कोणी काढलेली नाही, उलट रोज कोणीतरी तिच्यात भर घालतं. काल कोणीतरी ‘जाड मोजे, आठ’ लिहिलं.

तर जानेवारीतली संध्याकाळ, सहा वाजून बावन्न मिनिटं. शारजात, अल मजाजमधल्या एका टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर नागेश मांडवकर बाल्कनीत तंबू लावून आत बसला होता. तंबू चार माणसांचा होता, बाल्कनी दोन खुर्च्यांची. त्यामुळे तंबूची एक बाजू कठड्यावर चढली होती, दुसरी एसीच्या डब्याला टेकली होती, आणि एकंदरीत तो रिक्षात बसवलेल्या म्हशीसारखा दिसत होता. ही रंगीत तालीम होती. कल्पना नऊ वर्षांच्या सान्वीची, पण ती कागदावर आणली नागेशने, कारण कागदावर आणणं हाच त्याचा व्यवसाय. तो एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर होता. रोज सकाळी दोनशे माणसांना उन्हात उभं करून ‘उन्हात उभं राहू नका, पाणी प्या’ असं सांगायचं, हे त्याचं काम. ट्रिपचंही त्याने रिस्क असेसमेंट केलं होतं. प्रत्येक धोक्याला शक्यतेचे पाचपैकी गुण, तीव्रतेचे पाचपैकी गुण, दोन्हींचा गुणाकार, आणि शेवटच्या रकान्यात उपाय. अस्वल: दोन गुणिले पाच, दहा, पिवळा. हिंग: पाच गुणिले पाच, पंचवीस, लालभडक. कारण त्या पार्कात वास येणारी प्रत्येक वस्तू रात्री लोखंडी पेटीत बंद करावी लागते, आणि संजनाने, म्हणजे त्याच्या बायकोने, नियम वाचून स्वच्छ सांगितलं होतं, “माझा हिंगाचा डबा त्या पेटीत ठेवलात तर अस्वल पेटी उघडत बसणार नाही. खांद्यावर टाकून घरी नेईल.” उपायाच्या रकान्यात नागेशने लिहिलं होतं, ‘चर्चा चालू.’

बुकिंगचं गणित असं की तिकडे सकाळचे आठ म्हणजे इकडे संध्याकाळचे सात. सहा महिन्यांनंतरची तारीख त्या ठोक्याला उघडते आणि जगभरातली माणसं तिच्यावर तुटून पडतात. व्हिसा गेल्या वर्षीच झाला होता, रजा मंजूर होती, साइटही हेरून ठेवली होती: तळ्याजवळची, डोंगराकडे तोंड असलेली. थोरली अनन्या बारावीला, परीक्षा महिन्यावर आलेली, आणि सप्टेंबरात ती शिकायला बाहेर जाणार म्हणजे जाणारच. त्यामुळे हा जुलै शेवटचा, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि ते कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. लॅपटॉप हॉलमधल्या टेबलावर उघडून ठेवला होता. पासवर्ड नागेशच्या डोक्यात होता. तो त्याने सोळा-सतरा वर्षांत कोणालाही सांगितला नव्हता; बँकेचा सांगितला होता, हा नाही. फोन सान्वीने काढून घेतला होता, कारण, “नो नेटवर्क इन द माउंटन्स, बाबा. डोन्ट चीट.” बाल्कनीच्या सरकत्या दाराची किल्ली त्याच्या खिशात होती, मनगटावर रेडियमचं घड्याळ होतं, हातात टॉर्च होता. तंबूची चेन एकदा शेवटपर्यंत लावून बघायची आणि पंचावन्नला बाहेर यायचं, असं ठरलं होतं. त्याने चेन लावली. आत नव्या प्लॅस्टिकचा वास कोंडला, कापड वाऱ्याने एकदा आत आलं, एकदा बाहेर गेलं, आणि नागेशला वाटलं, हा श्वास आपला नाही.

तेवढ्यात बेल वाजली. काचेतून आवाज नाकात बोलल्यासारखे येत होते, पण ओळखू येत होते. एक बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन. त्याच्या चपला फरशीला चिकटून सुटतात. दुसरा मॅनेजमेंट ऑफिसातला, क्लिपबोर्डवाला; हा बोलण्याआधी पेनाचं बटण दोनदा दाबतो.

“मॅडम, सॉरी हां,” नातूर म्हणाला. “कम्प्लेंट आया है. आपका बाल्कनी में बॅचलर रखा है करके.”

“कोण? किसने बोला?”

“सामनेवाला टॉवर से फोटो आया. परदा लगाया है, अंदर आदमी सोता है.”

गेल्या महिन्यात अकराव्या मजल्यावरच्या कुटुंबाने बाल्कनीत खाट टाकून एक बॅचलर, म्हणजे एकटा राहणारा पुरुष, भाड्याने ठेवला होता, आणि त्यांचं काँट्रॅक्ट पुढे वाढलं नाही. पंधरा दिवसांत सामान लिफ्टमधून खाली गेलं, शेवटी तुळशीची कुंडी. संजनाने ती कुंडी लिफ्टमध्ये स्वतः धरली होती. अनन्याची परीक्षा महिन्यावर होती. त्यामुळे ती जे बोलली ते कोणीही बोललं असतं.

“बाल्कनी में कोई नहीं रहता,” संजना म्हणाली, आणि बोलता बोलता मागे हात नेऊन तिने सरकतं दार लोटलं, आणि कडी लावली.

खट्.

एवढाच आवाज. टाचणी पडावी तेवढा. पण नागेश तंबूत बसल्या जागी आक्रसला. टॉर्च आधी विझवला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की टॉर्च विझवणं हीच चूक झाली.

“अभी लाइट था,” नातूर म्हणाला. “बंद हुआ.”

“इट्स ऑटोमॅटिक, अंकल,” सान्वी म्हणाली.

खट्. हाच आवाज, फक्त तेव्हा कडी लावणारा हात नागेशचा होता. दोन हजार आठ, ऑगस्ट, मंगळवार, दुपारचे बारा पन्नास. दुबईत, देऱ्यातला दोन बेडरूमचा फ्लॅट, प्लायवूडने कापून त्याचे सात तुकडे केलेले, आणि आठवा तुकडा म्हणजे बाल्कनी. सगळ्यात स्वस्त जागा तीच. तिला निळी ताडपत्री बांधली होती आणि तिच्यात दौलत राहायचा. पाटणकडचा, चाळिशी उलटलेला, रात्री भाजी मार्केटात माल उतरवायचा आणि दिवसा झोपायचा. म्हणजे ऑगस्टच्या दिवसा. ताडपत्रीच्या आत भिंतीला त्याने एका शिपिंग कंपनीच्या जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवलं होतं: बर्फाचे टोकदार डोंगर, खाली तळं, तळ्याकाठी एक पिवळा तंबू, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ग्रँड टेटन. दौलतला इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि वाचता येणाऱ्यांवर त्याचा विश्वास नव्हता. तो सगळ्यांना सांगायचा की हा त्याच्या गावचा डोंगर. पेशावरच्या एका पोराला ते खरं वाटलं. “आणि बर्फ?” असं कोणी विचारलं की दौलत गंभीरपणे म्हणायचा, “पडतो की. पण टिकत न्हाय. पोरं खात्यात.” कधी ताडपत्रीत शिरून नागेश त्याच्याजवळ बसला की म्हणायचा, “नागेश, गड्या, एकदा हितं जाऊन झोपायचं. अंगावर रग घेऊन. नुसतं थंडीनं कुडकुडत.” नागेश तेव्हा सव्वीस वर्षांचा, व्हिजिट व्हिसावर, नोकरी शोधत असलेला, त्या व्हिसाचे एकोणीस दिवस उरलेले. आणि दारावर पालिकेची, असे कापलेले फ्लॅट तपासणारी माणसं.

“मॅडम, खोलिए जरा. एक फोटो लेना है, खलास,” क्लिपबोर्डवाला म्हणाला. पेन दोनदा.

“चावी हस्बंड के पास है.”

“हस्बंड किधर?”

“बाहर.”

शब्दन् शब्द खरा. नागेशला तंबूत हसू आलं आणि ते गळ्यातच राहिलं. घड्याळात सहा छप्पन. पडद्याच्या कड्या सरकल्याचा आवाज आला. आता काचेपलीकडे दोन माणसं उभी राहून तंबूकडे बघत असणार. तंबूत बसलेला माणूस बाहेरून कसा दिसतो याचा विचार त्याने कधी केला नव्हता. त्याने गुडघे छातीशी घेतले आणि एखाद्या बॅगेसारखा दिसायचा प्रयत्न केला. आठ वर्षं तो लोकांना शिकवत आला होता की धोक्याच्या ठिकाणी हातपाय स्थिर ठेवा आणि आवाज द्या. पहिला अर्धा भाग जमत होता.

“ये क्या है?”

“टेंट.”

“इसमें कौन रहता है?”

“देअर्ज नोबडी इनसाइड,” सान्वी म्हणाली. “इट्स फॉर द बेअर्स.”

या वेळी पेनाचं बटण चारदा वाजलं. शारजात कुठल्याही फॉर्मवर अस्वलासाठी रकाना नाही.

देऱ्यात तपासणीच्या माणसांना नागेशने चहा विचारला होता. का, हे त्याला अजून कळत नाही. कोणी मागितला नव्हता. दोघं सभ्य होते, आपलं काम करत होते, टेपने प्लायवूड मोजत होते; एकाने ताडपत्रीकडे बोट करून विचारलं, तिथे कोण? आणि नागेशची पाठ काचेला टेकलेली होती, हात मागे होता, कडी त्या हाताखाली होती. “कोई नहीं,” तो म्हणाला. “सामान है.” मग त्यांनी सगळ्या खोल्या मोजल्या. मग त्याला खाली गाडीपाशी नेलं, नाव विचारलं, पासपोर्टची झेरॉक्स आण म्हणाले, मग नको म्हणाले, मग थांब म्हणाले. तो सावलीत उभा होता. वर बाल्कनी दिसत होती. निळी ताडपत्री सपाट, हलत नव्हती. त्याला वाटलं होतं, दौलत आता काच वाजवेल, आत्ता वाजवेल, आणि सगळं संपेल; आणि त्याने मनात प्रार्थना केली ती, वाजवू नकोस, अशी. नंतर कितीतरी वेळा त्याने ती प्रार्थना तपासून पाहिली. शक्यता पाच, तीव्रता पाच. उपायाचा रकाना कोरा. तो वर आला तेव्हा दोन दहा झाले होते. म्हणजे एक तास वीस मिनिटं. कडी काढली. दौलत भिंतीला पाठ लावून बसला होता, अंगावर काही नाही, चेहरा भट्टीतून काढलेल्या विटेसारखा, मनी प्लँट लावलेल्या बाटलीतलं पाणीसुद्धा पिऊन संपवलेलं. त्याने नागेशकडे बघितलं आणि विचारलं, “काय रं, गेलं का?” बस्स. शिवी नाही, काही नाही. पाणी प्यायला, पडून राहिला, संध्याकाळी ओकला, आणि रात्री कामावर गेला. चौथ्या दिवशी अबू धाबीकडे, मुसफ्फाच्या कुठल्याशा लेबर कॅम्पमध्ये गेला तो गेलाच. जाताना पत्र्याची पेटी नेली. डोंगर भिंतीवर ठेवून गेला.

सहा अठ्ठावन्न. बाहेर क्लिपबोर्डवाला मुख्य दाराकडे सरकला होता; आता त्याला एक फॉर्म भरायचा होता आणि फॉर्मवर फ्लॅट नंबरसाठी तीन वेगवेगळे चौकोन होते. नातूर त्याला चौकोन दाखवत होता. संजना पडद्याआड, काचेला अगदी चिकटून उभी राहिली. तिचा श्वास काचेवर आला असणार.

“अहो,” ती कुजबुजली. “पासवर्ड सांगा. अनन्या बसलीय लॅपटॉपवर. अहो!”

काचेपासून चेनपर्यंत वीतभर अंतर होतं. कुजबुजून सांगता आलं असतं. आठ अक्षरं आणि चार आकडे. नागेशने तोंड उघडलं, आणि त्याला जाणवलं की आपल्याला ते बंद ठेवायचं आहे. हट्ट नव्हे, रागही नव्हे, राग कोणावर? काचेपलीकडे आपल्याच माणसाने सांगितलंय की इथे कोणी नाही. चांगल्या हेतूने सांगितलंय. आता आपण ‘आहे’ म्हटलं तर आपलंच माणूस खोटं पडेल. इतकं सोपं होतं ते. इतका सोपा हिशेब दौलतने त्या उकाड्यात बसून मांडला असेल का? की त्याला नुसतंच ऐकू आलं, कोई नहीं, आणि ते पटलं? नागेशला बघायचं होतं. काच हाताच्या अंतरावर असताना माणूस ती का वाजवत नाही, हे त्याला आतून बघायचं होतं. पण आजची थंडी अठरा अंश होती, खाली लगूनच्या पाण्याकाठी कारंज्याभोवती पोरं ओरडत होती, खिशात किल्ली होती, आणि ही तुलना हास्यास्पद होती, हे त्याला सेफ्टी ऑफिसर म्हणून कळत होतं. त्याच्या पाठीतून तरीही घाम निथळला.

“ममा, इट्स सेव्हन.” अनन्याचा आवाज. मग तिला आवाज दबका ठेवता येईना. “मी बर्थडे ट्राय करते. माझा नाहीये. सान्वीचा नाहीये. ममा, तुझा पण नाहीये! हूज इज इट? बाबा, जस्ट से इट!”

“कौन बाबा?” क्लिपबोर्डवाल्याने विचारलं.

“फोन पे,” संजना म्हणाली. “फोन पे बात कर रही है.”

सात वाजून तीस सेकंद. सेकंदकाटा आपला आपला फिरत होता. तळ्याजवळची जागा, डोंगराकडे तोंड. अनन्याने यादीत लिहिलं होतं, ‘स्टार्स, नो फिल्टर.’ नागेशचा हात उठला, तंबूच्या कापडाला लागला, कापड वीतभर पुढे गेलं आणि काचेला टेकलं. नुसतं टेकलं. कापडातून ठोठावता येत नाही. चेन उघडावी लागते. चेनचं टोक अंधारात कुठे आहे ते त्याला पक्कं माहीत होतं.

सात एक.

“गॉन,” अनन्या म्हणाली. “ऑल गॉन. एव्हरी सिंगल वन.”

कडी निघाली ती सात चौदाला. आधी पडदा, मग दार, मग बाहेरूनच खस्सकन चेन, आणि आत तोंड घालून संजना, हातात हॉलचा झाडू, का ते तिलाही माहीत नसावं. “काय हो, मेला होतात का आत? घसा सुकला माझा ‘पासवर्ड, पासवर्ड’ करून! इथे मी त्या माणसाला अस्वलाच्या गोष्टी सांगतेय आणि तुम्ही आपले समाधी लावून! बोला की!”

“गेले का?” नागेश म्हणाला.

हे आपण कोणाचं वाक्य बोललो, ते बोलल्यावर त्याला कळलं. तो हॉलमध्ये आला, खुर्चीवर बसला, पाण्याचा ग्लास पुढे आला तो एका दमात संपवला. अनन्या लॅपटॉपकडे पाठ करून उभी होती. तिचे डोळे लाल होते, आणि सतराव्या वर्षी बापासमोर रडायचं नसतं म्हणून ती छताकडे बघत होती.

“काय होता पासवर्ड?” तिने मराठीत विचारलं. मराठीत म्हणजे प्रकरण गंभीर.

“दौलतदा दोन हजार आठ. इंग्रजीत. दा म्हणजे दादा.”

“हू इज दौलत?”

“बाल्कनीत राहायचा,” नागेश म्हणाला, आणि मग त्याने सांगितलं. फार वेळ लागला नाही. सतरा वर्षं जपून ठेवलेली गोष्ट चार मिनिटांत संपते, आणि संपल्यावर खोलीतलं फर्निचर जिथल्या तिथे असतं, हे बघून त्याला अपमान झाल्यासारखं वाटलं. बेडरूममध्ये कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं ते कॅलेंडरचं पान घरात सगळ्यांनी रोज बघितलं होतं. संजनाला वाटायचं ते कपाटाबरोबरच आलंय.

संजना उठली, बाल्कनीच्या दाराशी गेली, कडी खाली-वर करून बघितली, आणि तिथेच उभी राहिली. सान्वी मात्र विचारात पडली होती. “बट बाबा, व्हाय डिडन्ट ही नॉक?”

“माहीत नाही.”

“यू ऑल्सो डिडन्ट नॉक.”

“हो.”

“सो यू नो,” सान्वी म्हणाली. तिच्या शाळेत याला रीझनिंग म्हणतात.

दर ऑगस्टात नागेश दौलतचा जुना नंबर लावतो. तो नंबर पुढे सुमैय्या नावाच्या बाईंना मिळाला. पहिल्या वर्षी त्या चिडल्या, तिसऱ्या वर्षी म्हणाल्या रॉंग नंबर, पण बोलो, आणि आता त्याच विचारतात, “मिला क्या आपका दौलत? नहीं? इन्शाल्ला, मिलेगा.” ट्रिपच्या कागदावर ‘आणीबाणीत कोणाला कळवावं’ या ओळीत नागेशने तोच नंबर लिहिला होता. म्हणजे टेटनच्या पायथ्याशी अस्वलाने चौघांना नेलं असतं, तर अमेरिकेच्या रेंजरने ती बातमी सुमैय्याबाईंना दिली असती. यात धोका कोणता, हे ठरवणं अवघड.

त्या रात्रीचं जेवण रोजच्यासारखं झालं. पिठलं होतं, हिंग घालून. जेवता जेवता संजना म्हणाली, “जाड मोजे लागतील. तिकडे जुलैतही पहाटे कुडकुडायला होतं म्हणे.” कोणीही म्हटलं नाही की आपण जात नाही आहोत. अनन्या म्हणाली, “आय गेट कोल्ड फीट,” आणि सान्वीने विचारलं, “दौलतअंकलला पण मोजे?” तंबू बाल्कनीतच राहिला. दाराला कडी लावायची नाही असं कोणी ठरवलं नाही, पण तेव्हापासून ती कोणी लावलेली नाही.

क्लिपबोर्डवाला जाताना एक फॉर्म ठेवून गेला होता: बाल्कनीच्या वापराबाबत भाडेकरूचं निवेदन, तीन दिवसांत ऑफिसात जमा करणे. नागेशने आधी मराठीत कच्चं लिहून घेतलं, नेहमीच्या सफाईने, नेहमीच्या रकान्यांत. मग ते इंग्रजीत केलं, खाली सही केली, फ्लॅट नंबर तिन्ही चौकोनांत लिहिला, आणि कामावर जाताना नातूरच्या हातात दिलं. नातूरने वाचलं नाही. वाचणं त्याच्या कामात बसत नाही. कच्चा कागद फ्रिजवर, मोज्यांच्या यादीशेजारी, चुंबकाखाली आहे.

‘बाल्कनीत राहणाऱ्या व्यक्तींची संख्या: एक. नाव: दौलत. आडनाव: विचारायचं राहिलं. कधीपासून: १२ ऑगस्ट २००८. वापराचं प्रयोजन: थंडीत झोपणे. आढळलेला धोका: दाराची कडी फक्त आतल्या बाजूस आहे. शक्यता पाच, तीव्रता पाच. उपाय व विनंती: सदर दारास बाहेरील बाजूनेही उघडणारी कडी बसवण्यात यावी, आणि ही मंजुरी मागील तारखेपासून, म्हणजे १२ ऑगस्ट २००८, मंगळवार, दुपारी बारा पन्नासपासून अमलात आल्याचं धरण्यात यावं. काम बारा एकावन्नपर्यंत पूर्ण व्हावं, ही नम्र विनंती.’